घरात जागा नाही, कार्टात आहे

कणगी
बुधवार, रात्री ११.५२

मंडळी, हा धागा काढायला लाज वाटतेय, पण अर्ध्या तासापूर्वी जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप येणार नाही. काचेच्या बारा बरण्या, बांबूची झाकणं, डाळी ठेवायला. मागवल्या. घरात डाळींसाठी स्टीलचे डबे आहेत (लग्नातले), प्लास्टिकचे आहेत, प्लास्टिकचे काढून टाकायचे म्हणून घेतलेले काचेचेही आहेत. त्या काचेच्यांची झाकणं लाल आहेत आणि ती मला आता बघवत नाहीत. डाळी मात्र तेवढ्याच. तूर, मूग, मसूर, हरभरा, उडीद. सहावी अजून निघालेली नाही.

मी उधळी नाही हो. कोथिंबिरीच्या जुडीवर पाच रुपयांसाठी हुज्जत घालते. कर्ज नाही, कार्डाचं बिल तारखेच्या आत जातं. म्हणूनच हे दुखणं घरात कुणाला दिसत नाही. दिसतात ते खोके. ठाण्यात ६१० चौरस फूट जागा, त्यातला माळा भरला, पलंगाखाली भरलं, आता बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागे.

मला वाटतं ही खोड आजीकडून आली. आजोळ सांगलीजवळ. एप्रिल लागला की बेगमी सुरू. गव्हाला ऊन द्यायचं, तुरीच्या डाळीला एरंडेल चोळायचं, चिंच फोडून मीठ लावून गोळे करायचे, कुरडया, सांडगे, शेवया. आजोबा हरिपूरला हळदीची पेवं दाखवायला न्यायचे. जमिनीत विहिरीसारखे खोल खड्डे, तोंड लिंपून बंद केलं की हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. पेव उघडल्यावर लगेच कुणी आत उतरत नसे. आधी कंदील सोडायचे. तो विझला तर आत हवा नाही, थांबा. २००५ च्या पुरात त्यातली कितीतरी पेवं गेली.

तर आजीचा तो हात मला आलाय. स्वस्त दिसलं, चांगलं दिसलं, घेऊन ठेव, लागेल. पण तिची कणगी गळ्यापर्यंत आली की ती पदराला हात पुसून म्हणायची, "झालं बाई वर्षाचं." ते वाक्य माझ्या तोंडून कधी येतच नाही. कणगीला तळ होता आणि तोंडही होतं. कार्टाला तळ सापडत नाही.

करून बघितलेले उपाय: अॅप काढलं (चौदा दिवस टिकलं, मग लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टला थर्माकोलचे गोळे हवे होते). एक आलं की एक बाहेर (बाहेर जायच्या वस्तू एका पिशवीत भरल्या, ती पिशवी अजून दारामागे आहे). घरात बंदी जाहीर केली, त्या आठवड्यात नवऱ्याने एअर फ्रायर आणला.

तुम्ही काय करता? प्रवचन नको, अनुभव हवेत.

निळावंती
गुरुवार, सकाळी ७.१०

अगं, सकाळी सकाळी माझी कुंडली कुणी छापली! +१०८. माझ्याकडे बरण्या नाहीत, बेडशीट आहेत. माणसं तीन, पलंग दोन.

रोखठोक नाना
गुरुवार, ९.३४

विषय चांगला पण थोडा बायकांचा वाटला. आम्ही दुकानात जातो, हवं ते घेतो, वीस मिनिटांत बाहेर. (हलकेच घ्या.)

निळावंती
गुरुवार, ९.४१

नाना, तुम्ही गेल्या वर्षी सायकलच्या धाग्यावर तीन सीट बदलल्याचे फोटो टाकले होते. सायकल एकच होती ना?

रोखठोक नाना
गुरुवार, १०.०५

ठीक. शब्द मागे. आणि आता बोललोच आहे तर कबूल करून टाकतो, माझ्याकडे ड्रिल मशीन आहे. तेरा बिट्सचा संच, वेगळी पेटी. सहा वर्षांत भिंतीला सात भोकं पाडली. त्यातली दोन चुकीच्या जागी.

तिसरी पिढी
गुरुवार, दुपारी ३.२०

चोराच्या बाजूनेही कुणीतरी बोलायला हवं. लक्ष्मी रोडवर आमचं साड्यांचं दुकान, आजोबांनी टाकलेलं.

कणगीताई, तुमची आजी निर्दोष आहे, गुन्हा आमच्या जमातीचा. बघा, जुन्या दुकानांत गादी असते. गादीवर यायचं तर चपला काढाव्या लागतात. चपला काढलेलं गिऱ्हाईक लवकर उठत नाही, हे आजोबांना कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. मग पाणी. मग "चहा सांगू का?" काउंटरवरचा जाणता माणूस पहिली साडी विकण्यासाठी उघडत नाही, तुमची नजर कुठे थांबते ते बघायला उघडतो. दहा-बारा घड्या मोडल्या की गिऱ्हाईकच ओशाळतं, एवढ्या उघडायला लावल्या, आता एक तरी घ्यायला हवी. आणि शेवटचा डाव म्हणजे पदर खांद्यावर टाकून आरसा समोर धरणे. खांद्यावर आली की साडी दुकानाची राहत नाही. परत घडी घालताना आपलीच वस्तू कुणीतरी काढून नेतंय असं वाटतं.

आषाढातल्या सेलबद्दल विचाराल तर त्यात गिऱ्हाईकावर मेहेरबानी कमी, आमची गरज जास्त. चातुर्मासात लग्नं नाहीत, गल्ला थंड, दिवाळीचा माल यायच्या आत जुना निघायला हवा. तुम्ही स्वस्तात मिळालं म्हणून खूश, आम्ही गोडाऊन रिकामं झालं म्हणून खूश. भरतं तुमचं कपाट.

पण दोन गोष्टी आमच्या बाजूने लिहून घ्या. एक, आमचं शटर रात्री साडेआठ-नऊला पडतं. (दुपारचंही पडतं, पुणेरी विनोद करणाऱ्यांनी तो मनातल्या मनात करावा.) रात्री अकरा वाजून गेल्यावर तुम्हाला बरण्या विकायला मी जागा नसतो. दोन, आजोबांच्या उधारीच्या वहीत प्रत्येक घराचं पान होतं. गौरी-गणपतीला नेलेली साडी दिवाळीपर्यंत फिटली नसेल तर आजोबा नवी दाखवायचेच नाहीत. "वहिनी, आधीची नेसली का?" असं तोंडावर विचारायचे. राग यायचा लोकांना, तरी पुढच्या वर्षी यायचे. आता मी तसं विचारलं तर मला वाईट रेटिंग मिळेल.

सुतारपक्षी
गुरुवार, रात्री ९.१५

तिसरी पिढी, तुमच्या गादीची जागा आता आमच्या धंद्याने घेतली आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये, आणि काही वर्षं अशाच एका अॅपवर काम केलंय (नाव विचारू नका). आम्ही चपला काढायला लावत नाही, पत्ता आणि कार्ड जपून ठेवतो. परिणाम तोच.

"फक्त २ शिल्लक" हे कित्येकदा खरं असतं, कित्येकदा नसतं. उलटं धावणारं घड्याळ संपलं की पान पुन्हा उघडून बघा, ते पुन्हा पहिल्यापासून धावत असतं. मोफत डिलिव्हरीला ८७ रुपये कमी पडतात म्हणून १४० रुपयांची वस्तू घालायला लावणं तर पोटापाण्याचं. "नको, मला पैसे वाचवायचे नाहीत" असं बटण दाबायला लावून माणसाला स्वतःच्याच नजरेत उतरवणं, यालाही आमच्यात नाव आहे. सरकारच्याही लक्षात आलंय हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात असे १३ प्रकार नाव घेऊन सांगितलेत. खोटी घाई, कार्टात गुपचूप वस्तू सरकवणं, मध्येच शुल्क वाढवत नेणं वगैरे. नियम झाले म्हणून डाव संपले असं समजू नका.

आता बरण्या आल्यावर कणगीताईंना विशेष आनंद होणार नाही, हे मी आजच सांगून ठेवतो. वुल्फ्राम शुल्त्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. रसाचा थेंब मिळाला की माकडाच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी उसळत. पण रस मिळण्याआधी दिवा लागतो हे माकडाला कळल्यावर त्या पेशी दिव्यालाच उसळू लागल्या, रस आला तेव्हा गप्प. आपला दिवा म्हणजे "आज पोहोचेल" हा मेसेज. खोका फोडेपर्यंत खेळ संपलेला असतो.

माझ्यापुरता एकच उपाय चालला. कार्ड, यूपीआय, पत्ता, सगळं अॅपमधून पुसून टाकलं. दर वेळी सोळा आकडे टाइप करायचे. कार्ड दुसऱ्या खोलीत, बॅगेत. पांघरुणातून उठून कोण जाणार? माझी निम्मी खरेदी आळशीपणाने वाचवली.

दुपारचा चहा
गुरुवार, ९.५०

सगळं पटलं. जाता जाता, त्या बांबूच्या झाकणाच्या बरण्यांची लिंक मिळेल का?

कणगी
गुरुवार, १०.०२

चहा, तुम्ही धागा वाचला का हो? :ड

सुतारपक्षी, आल्या बरण्या. आज दुपारी. खोका अजून फोडला नाही. तुमच्या माकडाचा राग आलाय.

माणदेशी
शुक्रवार, सकाळी ६.०५

मी सहसा वाचनमात्र असतो. लिहू की नको, असं रात्रभर चाललं होतं.

आटपाडीकडचा मी. शाळेत सातवीपर्यंत अनवाणी. उन्हाळ्यात वार्षिक परीक्षेला जाताना फुफाट्यातून पळायचं, बाभळीची सावली आली की थांबायचं, पुन्हा पळायचं. पहिली चप्पल टायरची, मोठ्या भावाची होऊन आलेली, तीही एका पायाला घासायची. दिवाळीला एक जोडी कपडे, वाढत्या अंगाचे. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, त्या दोन वर्षांनी पूर्ण उलगडायच्या. उलगडलेल्या भागाचा रंग वेगळा, त्यावरून पोरं चिडवायची.

आता मी शिक्षक आहे, पगार चांगला आहे, आणि माझ्याकडे बुटांचे चौदा जोड आहेत. मोजले, म्हणून सांगतो. बायको म्हणते पाय दोन आहेत. बरोबर आहे तिचं. पण चपलांच्या दुकानासमोरून जाताना माझ्या तळव्यांना काय होतं ते तिला सांगता येत नाही. एका दुकानदाराने मला एकदा खोक्यातून नवा बूट काढून, गुडघ्यावर बसून, हाताने पायात घातला होता. त्या दिवशी मी दोन जोड घेतले.

आईचं वेगळंच. तिच्या ट्रंकेत साबणाच्या वड्या आहेत, शंभरावर असतील. वडी दोऱ्याने कापून अर्धी अर्धी वापरायची सवय होती तिला. आम्ही दर महिन्याला आणून देतो, ती वापरते एक आणि ठेवते तीन. गेल्या पावसाळ्यात ट्रंक उघडली तर सगळ्या लुगड्यांना मोतीचा वास.

मिनिमलिझमचे व्हिडिओ बघितले की मला राग येतो. पांढऱ्या भिंती, एक खुर्ची, एक झाड. आमच्या घरात एवढंच होतं, खुर्ची सोडून. पण कणगीताईंचं मात्र वाचावंसं वाटलं, कारण त्यांनी कुणाला शिकवलं नाही. बेगमीबद्दल एक सांगावंसं वाटतं. आमच्याकडे बेगमी नव्हती. आठवड्याच्या बाजाराला मजुरीचे पैसे आले की ज्वारी, ती संपली की पुढचा बाजार. भरलेली कणगी मी दुसऱ्यांच्या घरात बघितली. त्यामुळे "आता पुरे" कधी म्हणायचं ते मला कुणाकडून बघायलाच मिळालं नाही.

सध्या एक करतो. नवा जोड घ्यावासा वाटला की शाळेत कोण अनवाणी येतं ते आधी बघतो. आहेत अजून, दोन-तीन असतात दर वर्षी. त्या मापाचा जोड घेतो. दुकानात जाण्याची खाज भागते. हे पुण्यकर्म म्हणून सांगत नाही, कृपया कुणी हात जोडू नका. माझा स्वतःचा पंधरावा जोड दिवाळीला येणार आहे हेही खरं आहे.

कणगी
शुक्रवार, ६.४०

माणदेशी सर, काय लिहू कळत नाही. वाचलं. पुन्हा वाचलं.

रोखठोक नाना
शुक्रवार, ८.१५

सर, लिहीत जा.

डॉलरवाली आत्या
शुक्रवार, संध्याकाळी ५.३०

एडिसन, न्यू जर्सीहून हजर. इथे अजून सकाळ, आणि डिकीत परत करायच्या वस्तूंच्या चार पिशव्या. तुम्हा लोकांना वाटतं परत करता आलं की बरं. मुळीच नाही. परत करता येतं म्हणून आम्ही घेताना विचारच करत नाही. मग शनिवार घेण्यात, रविवार परत करण्यात. परतीच्या रांगेत उभं असताना शेजारच्या रॅकवरचं काहीतरी उचललं जातं ते निराळंच.

माझ्या अख्ख्या आयुष्यात शिस्तीने खरेदी होते ती फक्त पुण्याला आल्यावर. का? तेवीस किलोच्या दोन बॅगा. हाताने धरायचा वजनकाटा घेऊनच येते. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, तुळशीबागेतल्या समया, आईने दिलेलं पातळ. साडेतेवीस झालं की अर्धा किलो काढायचं. विमानतळावर बॅग उघडून मेतकूट की समई हे ठरवताना जेवढी अक्कल चालते तेवढी डिकी भरताना चालत नाही. सीमा आखून दिली की बाई शहाणी होते. कणगी, तुझ्या आजीची कणगी म्हणजे माझी तेवीस किलोची बॅग बघ.

एक गोष्ट इथली घेण्यासारखी आहे. 'बाय नथिंग' म्हणून गल्लीगल्लीचे गट आहेत. सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर दोन मैत्रिणींनी २०१३ मध्ये सुरू केलं. विकायचं नाही, अदलाबदल नाही, नुसतं द्यायचं किंवा मागायचं. मी पाळणा दिला, शिवणयंत्र घेतलं. शिवणयंत्र वापरत नाही, ते सोडा.

वाकळ
शुक्रवार, रात्री १०.४५

"देऊन टाका" म्हणताना जरा थांबा. आपण अनाथाश्रमाला म्हणून जे गाठोडं देतो त्यातलं बरंचसं तिथेही कुणाला नको असतं. हरियाणातल्या पानिपतला जगभरच्या जुन्या लोकरी कपड्यांचा ढीग येतो. बटणं आणि चेन काढून, रंगाप्रमाणे वेगळं करून, फाडून, पिंजून त्याचं सूत काढतात आणि स्वस्त ब्लँकेटं विणतात. ती आपत्तीच्या वेळी मदत म्हणून वाटली जातात. लोकर असेल तर हे जमतं. आपल्या लेगिंग आणि जॉर्जेटचं पुढे काय, तर बहुतेक कचरा. सुती टी-शर्टच्या एका नगाला सुमारे २७०० लिटर पाणी लागतं असं वारंवार सांगितलं जातं. त्यात कापसाच्या शेतीचं पाणी धरलेलं आहे.

माझी आई नऊवारीची वाकळ शिवायची, वर नऊवारी, खाली नऊवारी, मध्ये चिंध्या. म्हणून हा आयडी. तेव्हा लुगडं "संपायचं". आता कपडे संपत नाहीत, आपल्याला त्यांचा कंटाळा येतो.

निळावंती
शनिवार, सकाळी ११.००

दुरुस्तीवरही बोला कुणीतरी. मिक्सरची मोटर गेली. ९०० रुपये सांगितले, नवा साधा २२०० ला. दुकानदारच म्हणाला, "ताई, नवाच घ्या, याची गॅरंटी मी देत नाही." केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलंय म्हणे, कंपन्यांनी सुट्या भागांची आणि दुरुस्तीची माहिती तिथे द्यावी म्हणून. मी शेवटी गल्लीतल्या काकांकडूनच दुरुस्त केला. आवाज हेलिकॉप्टरसारखा येतो पण चटणी वाटतो.

भुईकोट
शनिवार, दुपारी १.१५

पुस्तकांचं कुणी काढलं नाही म्हणून मी गप्प होतो. अप्पा बळवंत चौकातून रिकाम्या हाताने परत आलेला माणूस मला दाखवा. घरात न वाचलेली २१२. तरी मी याला खरेदी समजत नाही.

सुतारपक्षी
शनिवार, १.२०

भुईकोट, निळावंतींनाही त्यांच्या बेडशीट खरेदी वाटत नाहीत.

भुईकोट
शनिवार, १.२२

बेडशीट वाचता येतात का?

निळावंती
शनिवार, १.२५

तुमचीही वाचलेली नाहीतच की.

कणगी
साडेपाच आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.३०

धागा वर काढतेय, हिशेब द्यायला.

सुतारपक्षींचं ऐकून कार्ड पुसलं. आणि एक वही केली, शाळेची दोनशे पानी. जे घ्यावंसं वाटेल ते तारीख घालून लिहायचं, महिन्याने त्या पानावर परत यायचं. पेवाचा कंदील म्हणा हवं तर. आधी तो सोडायचा, मग उतरायचं. एकतीस वस्तू लिहिल्या गेल्या. त्यातल्या सतरांचं काय म्हणून घ्यावंसं वाटलं होतं तेच आठवेना. एका ओळीत नुसतं "ते हिरवं" लिहिलंय. चार घेतल्या. दोन वेळा वही चुकवून घेतल्या, त्या धरल्या नाहीत, म्हणजे खरं तर सहा. बाकीच्यांचा महिना अजून भरायचाय.

बरण्यांचा खोका फोडला. लाल झाकणाच्या बरण्या शेजारणीला दिल्या, ती म्हणाली, "अय्या, मला अशाच हव्या होत्या." तिच्या ओट्यावर आधीच डब्यांचे दोन मजले आहेत. मी काही बोलले नाही.

मग आज बोहारीण आली. आमच्या सोसायटीत अजून येते, गणपतीच्या आधी हमखास. वाकळ, तुमचं वाचून अनाथाश्रमाचा बेत सोडला होता, म्हणून दारामागची पिशवी आणि अकरा साड्या बाहेर काढल्या. तिने सिंथेटिकला हातच लावला नाही आधी. म्हणाली, "जीन आहे का ताई? प्यांटी? साड्या कोन घेतं आता." नवऱ्याच्या दोन जीन्स त्याला न विचारता घातल्या वर. अर्धा तास घासाघीस. आजी असती तर तिने एक साडी परत ओढून घेतली असती, मीही ओढली, तिने परत घेतली, दोघींनाही मजा आली. तिसरी पिढी, तुमच्या त्या गादीवर मी इतकी रमले नसते.

तर घरातून अकरा साड्या, दोन जीन्स आणि दारामागची पिशवी गेली. आलं एक स्टीलचं पातेलं. चांगलं जाड बुडाचं आहे, पाच लिटरचं. त्याला झाकण नाही. घरातलं एकही बसत नाही, सगळी बघितली. उद्या झाकण वहीत लिहावं लागणार.

माणदेशी
रविवार, ९.४४

ताट ठेवा त्याच्यावर.